तिरकं पातं की पीळदार पातं? ऑफसेट आणि हेलिकलमधला फरक

बाणाला व्हेन (मागच्या बाजूचं प्लॅस्टिकचं पातं) चिकटवताना ऑफसेट आणि हेलिकल हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्हींत व्हेन शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, तिरकी दिसते, दोन्हींत बाण हवेत स्वतःभोवती फिरतो, तेव्हा गोंधळ साहजिकच. खरा फरक व्हेनच्या बुडात, म्हणजे शाफ्टला चिकटणाऱ्या कडेत, आहे. ऑफसेटमध्ये बूड सरळच राहतं, फक्त एक-दोन अंश कलतं. हेलिकलमध्ये बूडच वळतं आणि खांबावर चढलेल्या वेलीसारखं शाफ्टला वेढत जातं.

तयार बाणावर ओळखायचं तर स्टीलच्या पातळ फुटपट्टीची कड व्हेनला बुडाजवळ लांबीच्या दिशेने टेकवा. ऑफसेट असेल तर पट्टी लांबीभर टेकते. हेलिकल असेल तर एका बाजूने मधोमध उजेड दिसतो, दुसऱ्या बाजूने पट्टी डुगडुगते.

घरी चुकतं ते क्लॅम्पपाशी, म्हणजे चिकटवताना व्हेन धरणाऱ्या चिमट्यापाशी. हेलिकलला मुळातच पीळ असलेला क्लॅम्प लागतो, उजवा किंवा डावा. सरळ क्लॅम्प जिगवर (बाण आणि क्लॅम्प जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावर) आणखी तिरका केला म्हणजे हेलिकल होत नाही, नुसता वाईट ऑफसेट होतो. हिशेब करून पाहा: शाफ्ट 5.5 मिमी जाडीचा, व्हेन 44 मिमी लांब. 1 अंश कल दिला तर बुडाची टोकं मधल्या रेषेपासून जेमतेम 0.4 मिमी सरकतात आणि टोकांखाली 0.03 मिमी फट राहते; ती गोंदात बुजते. 3 अंशांना टोकं 1.15 मिमी सरकतात आणि फट होते 0.25 मिमी. पातळ सुपरग्लू एवढी फट भरून काढत नाही. व्हेन चिकटल्यासारखी दिसते, आणि टार्गेटमधून बाण उपटताना तिचं पुढचं टोक सुटतं. शिव्या मात्र गोंदाला पडतात! 9.3 मिमीच्या जाड इनडोअर शाफ्टवर तीच फट 0.15 मिमीच्या आत राहते, म्हणून तिथे हा प्रकार बऱ्याचदा खपून जातो.

पिसं लावत असाल तर आणखी एक पथ्य. उजव्या पंखाचं पीस उजव्या क्लॅम्पमध्ये, डाव्याचं डाव्यात, आणि एका बाणावर तिन्ही एकाच बाजूची. उलटं बसवलेलं पीस आपल्या नैसर्गिक बाकाकडे ओढ घेतं आणि कडेने उचकटतं.

चिकटवण्याचं काम दोन्हींत सारखंच. जुना गोंद बोथट सुरीने खरवडा, पण कार्बनच्या शाफ्टला ओरखडा जाऊ देऊ नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिकचे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचे, दोरी बसणाऱ्या खाचेचे तुकडे) खराब होतात. व्हेनचं मागचं टोक नॉकच्या खाचेपासून साधारण 25 मिमी पुढे ठेवा. बूड क्लॅम्पच्या जरासं बाहेर हवं, नाहीतर गोंद क्लॅम्पलाच धरतो. बुडावर गोंदाची एकच बारीक रेघ ओढा. बाजूने फुगे आले तर गोंद जास्त झाला. अर्धा मिनिट दाबून धरा, क्लॅम्प पूर्ण उघडा आणि सरळ वर उचला. शेवटी व्हेनच्या दोन्ही टोकांना गोंदाचा एकेक थेंब. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर सुकतो, त्यामुळे पावसाळ्यात तो लवकर धरतो आणि आजूबाजूला पांढुरकी बुरशीसारखी झाक सोडतो; विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात जरा जास्त वेळ द्या.

निवड करायची तर अंतर पाहा. हेलिकल बाणाला लवकर फिरवतो आणि सावरतो, पण हवेचा अडथळाही जास्त घेतो. 18 मीटरवर, मोठ्या पिसांसह, तो उत्तम. 50 किंवा 70 मीटरवर बाण वेग गमावून खाली लागायला लागतो. तिथे 1 अंशाचा ऑफसेट बरा. रिकर्व्हवाल्यांच्या (टोकं पुढे वळलेलं धनुष्य वापरणाऱ्यांच्या) स्पिन विंग या बाकदार व्हेनला यात मोजू नका. तिचा बाक पात्यात असतो, बुडात नाही, आणि ती डबल टेपवर बसते.

हेलिकलमध्ये व्हेन जास्त जागा व्यापते, म्हणून ती रेस्टला, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराला, घासण्याची शक्यताही जास्त. व्हेनच्या कडांना लिपस्टिक लावून एक बाण सोडा. रेस्टवर डाग उमटला तर नॉक थोडा फिरवून पुन्हा पाहा.