रोलेक्स डेटोना : संग्रह आणि किंमत

क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीची वेळ दाखवतानाच बाजूच्या कळा दाबून एक वेगळा सेकंदकाटा सुरू करता, थांबवता आणि शून्यावर आणता येणारे घड्याळ. अशा मनगटी घड्याळांत संग्राहकांनी सर्वांत बारकाईने अभ्यासलेले आणि सर्वाधिक नकला झालेले घड्याळ म्हणजे रोलेक्स कॉस्मोग्राफ डेटोना. १९६३ मध्ये रेफरन्स (मॉडेल क्रमांक) ६२३९ पासून त्याची सुरुवात झाली. वेग मोजायची टॅकिमीटर पट्टी तबकडीवरून काढून बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) कोरली, ही त्यातली मुख्य नवी गोष्ट. केस (बाहेरचे धातूचे कवच) सुमारे ३७ मिलिमीटरची होती. १९८७-८८ पर्यंत ही घड्याळे हाताने चावी द्यायची होती आणि संग्राहकांचा खरा जीव त्यांतच आहे.

रेफरन्स ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. ६२३९ आणि ६२६२ यांना धातूचे बेझल आणि साध्या दाबकळा. ६२४१ आणि ६२६४ यांना काळे ॲक्रिलिक बेझल आणि साध्या दाबकळा. ६२४०, ६२६३ आणि ६२६५ यांच्या कळा स्क्रूने आवळता येतात. त्यांपैकी ६२६५ चे बेझल धातूचे असते, उरलेल्या दोन्हींचे काळे.

आतले यंत्र व्हालझू ७२ या कॅलिबरवर (यंत्राच्या नमुन्यावर) आधारलेले आहे. आधी त्याची गती तासाला १८,००० ठोके होती; ६२६२ पासून आलेल्या कॅलिबर ७२७ मध्ये ती २१,६०० झाली. हेच व्हालझू ७२ हॉयर कॅरेरा २४४७ मध्येही आहे आणि ते घड्याळ डेटोनाच्या मानाने बरेच स्वस्त मिळते. म्हणजे किंमत यंत्राची नाही. ती तबकडीची आणि केसला किती हात लागला आहे याची आहे.

सिंगर या कारखान्यात बनलेल्या ‘एक्झॉटिक’ तबकड्यांना पुढे ‘पॉल न्यूमन’ हे अमेरिकी अभिनेत्याचे नाव पडले. त्या काळात त्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते; म्हणून त्या कमी निघाल्या, आणि म्हणूनच आज महाग आहेत. ओळख अशी : बाहेरच्या सेकंदपट्टीचा रंग छोट्या तबकड्यांशी जुळतो, ती पट्टी मुख्य तबकडीपेक्षा किंचित खालच्या पातळीवर असते आणि छोट्या तबकड्यांतल्या रेषांच्या टोकांना चौकोनी ठिपके असतात. सर्वांत उपयोगी खूण डावीकडच्या, चालू सेकंदांच्या छोट्या तबकडीत सापडते. तिथे १५-३०-४५-६० हवे. साध्या डेटोनात तिथे २०-४०-६० असते. चौकोनी ठिपके आहेत पण आकडे २०-४०-६० आहेत, असे दिसले तर पुढे पाहायची गरजच नाही. उलट आकडे बरोबर असले तरी तबकडी खरी ठरत नाही. अस्सल साध्या सिंगर तबकडीवर नव्याने छपाई केलेले नमुने फिरत असतात, त्यामुळे मागे सिंगरचा शिक्का सापडला एवढ्यावर समाधान मानू नये. अक्षरांच्या कडा दहापट भिंगाखाली पाहाव्यात. शब्दांच्या क्रमालाही मोल आहे : ६२६३ च्या काही तबकड्यांवर ‘ऑयस्टर’ हा शब्द ‘कॉस्मोग्राफ’च्या खाली येतो आणि तेवढ्याने भाव कितीतरी पटींनी चढतो.

तबकडीच्या खुणांवरचा आणि काट्यांवरचा चमकणारा लेप ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचा असतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने त्याची स्वतःची चमक आता संपली आहे. अतिनील दिव्याखाली तो थोडा उजळतो आणि दिवा काढताच लगेच मावळतो. तबकडी आणि काटे एकसारखे मावळले पाहिजेत. काटे मिनिटभर चमकत राहिले तर लेप नवा आहे किंवा काटेच बदललेले आहेत. ओल लागलेला लेप भुकटी होऊन गळतो, यंत्रात शिरतो आणि घड्याळ बंद पाडतो. साध्या दाबकळांचे घड्याळ कोकणातल्या पावसाळ्यात हातावर घालणे म्हणजे हौसेची किंमत वाजवीपेक्षा जास्त मोजणे.

केसच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू पॉलिश. पट्टा काढून पाहावे. लगांच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मध्ये १२ च्या बाजूला रेफरन्स आणि ६ च्या बाजूला अनुक्रमांक असतो. आकडे पुसट, कडा गोलावलेल्या आणि पट्ट्याच्या पिनांची भोके लगाच्या कडेला सरकलेली दिसली तर धातू घासला गेला आहे. तो परत येत नाही. दुरुस्तीला देताना लेखी सांगावे : पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. सेवाकेंद्राने चांगल्या हेतूने बसवलेली नवी तबकडी घड्याळाची निम्म्याहून जास्त किंमत घालवू शकते.

यंत्राची परीक्षा पूर्ण चावी देऊन करावी. क्रोनोग्राफ शून्यावर आणताना तिन्ही काटे नेमके खुणेवर बसले पाहिजेत. सेकंदकाटा थोडा पुढेमागे थांबत असेल तर काटा सैल आहे किंवा काटे शून्यावर ढकलणाऱ्या हातोडीची जुळणी बिघडली आहे. मग अर्धा तास चालवून मिनिटकाटा दर मिनिटाला एकच घर पुढे जातो ना, ते पाहावे. क्रोनोग्राफ बंद असताना तासमोजणीचा काटा हळूहळू सरकणे हा या यंत्राचा जुना दोष. तो बहुधा घर्षणजोडणी किंवा ब्रेक नीट न बसल्याने होतो. घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर आडव्या स्थितीत आंदोलन (यंत्रातले तोलचक्र एका झोक्यात फिरते तो कोन) २७० अंशांच्या आसपास असावे. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर ते २०-३० अंशांनी उतरते, ते चालते. ५० च्या वर उतरले तर क्रोनोग्राफ यंत्राला जोडणाऱ्या क्लचची खोली चुकली आहे किंवा तेल सुकले आहे.

लिलावातले आकडे वाचताना हातोड्याचा भाव (कमिशन सोडून शेवटची बोली) आणि खरेदीदाराने दिलेली एकूण रक्कम वेगळी धरावी. खुद्द पॉल न्यूमन यांचे ६२३९ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात १ कोटी ५५ लाख डॉलरवर थांबले. कमिशनसह रक्कम १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर झाली. तो भाव मालकाच्या नावाचा होता, मॉडेलचा नव्हे. संकेतस्थळांवर विक्रेते मागतात तो भाव तर व्यवहाराचा पुरावाच नसतो.

१९८८ चे स्वयंचलित १६५२० झेनिथच्या एल प्रिमेरो यंत्रावर बेतले होते. ३६,००० ठोके कमी करून २८,८०० केले. त्यातल्या काही काळ्या तबकड्यांवरची छोट्या तबकड्यांभोवतालची वर्तुळे वार्निशमुळे तपकिरी पडली आणि हा बिघाडच महाग झाला. २००० मध्ये रोलेक्सचे स्वतःचे ४१३० कॅलिबर आले. आजच्या स्टील डेटोनाचा खुला भाव टंचाईवर चालतो : २०२२ च्या सुरुवातीला तो यादीतील किमतीच्या दुपटीपलीकडे गेला आणि त्याच वर्षी घसरला.

कागदपत्रांवर किती विसंबावे याचे उदाहरण ओमेगाचे. १९५७ च्या मॉडेलचे एक स्पीडमास्टर २०२१ मध्ये जिनिव्हात ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक रकमेला गेले. घेणारी ओमेगाच होती. २०२३ मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेले असल्याचे कंपनीनेच सांगितले. रोलेक्स तर जुन्या घड्याळाचा अभिलेख-उतारा (कंपनीच्या नोंदींचा दाखला) देतच नाही, त्यामुळे मूळ हमीपत्र आणि दुकानाची पावती असल्यास भाव वाढतो.

जगभरचे संग्राहक पुन्हा रंगवलेल्या तबकडीच्या स्वस्त घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. हा उद्योग मुख्यतः जुन्या एचएमटी, फावर-ल्युबा आणि सेको घड्याळांवर चालतो; डेटोनाच्या नकला अधिक खर्चिक हातांतून येतात. भारतात २२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून महाग मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) घेतो. तो प्राप्तिकरात वळता होतो. परदेशातून आणलेल्या घड्याळाच्या सीमाशुल्काची पावती जपून ठेवावी, कारण विकताना तिच्याविना इथला जाणता गिऱ्हाईक भाव पाडतो.