टोइंग स्टॅबिलायझर

टोइंग स्टॅबिलायझर : मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनचे (राहण्याची सोय असलेल्या चाकांवरच्या घराचे) डावे-उजवे झोके दाबण्यासाठी तिच्या जोडणीपाशी बसवलेले साधन. त्याचे घर्षणावर चालणारे, जोडदांड्यांच्या रचनेवर चालणारे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने कॅरव्हॅनचे ब्रेक लावणारे असे तीन वर्ग करता येतात. मुक्कामी कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांखाली उतरवतात त्या पायांनाही व्यवहारात स्टॅबिलायझर म्हणतात. ते या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

पूर्वेतिहास : केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून ‘वाँडरर’ या घोड्यांच्या गाडीचा उल्लेख सामान्यतः होतो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधवून घेतली. मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हॅनचे व्यापारी उत्पादन ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर, साधारण १९१९ पासून सुरू झाले. त्या काळच्या वेगाला झोक्यांचा प्रश्न फारसा जाणवत नसावा. कॅरव्हॅनच्या बाजूने पोलादी पाटा बसवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत ब्रिटनमध्ये रुळली. जोडणीच्या डोक्यातच, म्हणजे कॅरव्हॅनच्या ओढदांड्याच्या टोकाला असलेल्या व मोटारीच्या हुकावर बसणाऱ्या भागातच, घर्षणपट्ट्या असलेली जर्मन धाटणीची रचना त्यानंतरची, आणि ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. अमेरिकेत जिम हेन्स्ली यांच्या नावाने ओळखली जाणारी चार जोडदांड्यांची रचना वेगळ्या वाटेने जाते. ती झोके शोषत बसत नाही. कॅरव्हॅन ज्या बिंदूभोवती वळते तो आभासी बिंदूच ती मोटारीच्या मागच्या आसाजवळ नेऊन ठेवते.

झोक्यांची मीमांसा : या विषयातील खरा वाद येथे आहे. जुन्या मार्गदर्शक पुस्तिका झोक्यांचा दोष सरसकट कॅरव्हॅनवर, वाऱ्यावर किंवा चालकावर टाकतात. वाहन-गतिशास्त्राचे अभ्यासक मात्र मोटार आणि कॅरव्हॅन मिळून एकच संहती, म्हणजे एकत्र हालणारी जोडी, धरतात. दुसरी भूमिका अधिक ग्राह्य वाटते. तिचे कारण सोप्या गणितात दिसते.

क्षणभर मोटार अचल आहे आणि कॅरव्हॅन केवळ हुकाभोवती फिरू शकते असे मानू. ती थोडी तिरपी झाली की तिच्या टायरवर आडवे बल येते. या बलाचा एक भाग तिरपेपणाच्या कोनावर अवलंबून असतो. तो कॅरव्हॅनला पुन्हा सरळ रेषेत आणतो आणि वेग कितीही असला तरी तेवढाच राहतो. दुसरा भाग टायरची आडवी गती आणि पुढे जाण्याचा वेग यांच्या गुणोत्तरावर ठरतो. झोका विझवण्याचे काम याचे. म्हणजे वेग ४० वरून ८० किमी प्रतितास झाला की झोक्यांची लय बहुतांशी तीच राहते, पण त्यांना विझवणारे अवमंदन निम्म्यावर येते. तरीही या सोप्या प्रतिमानात अवमंदन शून्याखाली कधीच जात नाही. प्रत्यक्षात झोके वाढत जातात ते मोटार अचल नसते म्हणून. कॅरव्हॅनचा हिसका मोटारीच्या मागच्या भागाला आडवा ढकलतो, मोटार थोडी वळते आणि तो वळसा पुढच्या झोक्यात भर घालतो. एका विशिष्ट वेगापुढे ही भर अवमंदनाला मागे टाकते. त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. मागचा आस व हूक यांतील अंतर जास्त असलेली हलकी मोटार या हिशेबात तोट्यात जाते.

घर्षण-स्टॅबिलायझरने क्रांतिक वेग वाढतो का, यावर उत्पादकांची भाषा आणि गणित यांचा मेळ बसत नाही. कोरड्या घर्षणाचा विरोध जवळपास स्थिर असतो, म्हणून प्रत्येक झोक्यात तो जितकी ऊर्जा खातो ती झोक्याच्या रुंदीच्या प्रमाणात असते. क्रांतिक वेगाच्या पुढे मिळणारी ऊर्जा मात्र रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे लहान झोके घर्षण गिळून टाकते आणि चालकाला ते जाणवतही नाहीत. पण शेजारून गेलेल्या बसच्या वाऱ्याने एका मर्यादेपेक्षा मोठा झोका बसला, तर तेच घर्षण अपुरे पडते. घट्ट बिजागरीचे दार झुळकेने हलत नाही आणि वादळात आपटते, तसाच हा प्रकार. स्टॅबिलायझर बसवल्यावर गाडी ‘गप्प’ झाल्याचा अनुभव खरा असतो. त्यावरून सुरक्षित वेग वाढला असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरते. बाथ विद्यापीठात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक अभ्यासातही सामानाची मांडणी, आसाचे स्थान आणि हुकावरचा भार यांचा स्थैर्यावर मोठा परिणाम दिसला.

हुकावरचा भार : ब्रिटिश प्रघातानुसार हा भार भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५ टक्के धरतात. म्हणजे १,००० किग्रॅ. वजनाच्या कॅरव्हॅनला ब्रिटिश हिशेबाने ५० ते ७० किग्रॅ. भार हवा. मोटारीच्या हुकाची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळावी लागते. पण एवढ्याने भागत नाही. पुढे गॅसची टाकी आणि मागे स्टेपनी ठेवली की वजनाचा तोल बरोबर दिसतो, तरी टोकांना गेलेल्या वजनामुळे कॅरव्हॅनचे जडत्व-परिबल (वळण्याला होणारा जडत्वाचा विरोध) वाढते आणि सुरू झालेला झोका लवकर थांबत नाही. भरलेली घरगुती गॅसटाकी ३० किग्रॅ.च्या आसपास भरते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याचे कॅन, धान्य, बॅटरी हे सगळे आसाच्या वर किंवा लगत ठेवणे हाच मार्ग. भार मोजायला खास उपकरण लागत नाही. हुकाखाली टेकू देऊन साधा वजनकाटा ठेवला, तरी पुरेसा अंदाज येतो. मोजताना कॅरव्हॅन सपाट जागी हवी आणि हूक प्रवासात असतो त्याच उंचीवर.

जुन्या कॅरव्हॅनवर बसवणी : पाट्याच्या प्रकारात मोटारीच्या बॉलच्या, म्हणजे हुकावरील पोलादी गोळ्याच्या, कडेला घर्षणचकती असलेला खांदा बसतो. त्यातून निघालेला पाटा कॅरव्हॅनच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरील कंसात टेकतो. तो कमानपाट्यासारखा लवत असल्याने पुढे-मागे होणारे हेलकावेही काहीसे आवरतो, आणि जोडणीचे मूळ डोके बदलावे लागत नाही. जुन्या कॅरव्हॅनच्या मालकांची पसंती त्याला मिळते ती यामुळे. चकतीचा ताण निर्मात्याने दिलेल्या आकड्यानुसार स्प्रिंगकाट्याने ओढून जुळवतात. अंदाजाने आवळलेली चकती एक तर निरुपयोगी ठरते किंवा वळणावर मोटारीला ताठरपणा आणते. कंस शिकंजाने धरायचा असतो. पातळ पत्र्याच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या सांगाड्याला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. सांगाडे बनवणाऱ्या कंपन्याच त्याला मनाई करतात, कारण तेथूनच गंज आणि तडा सुरू होतो.

डोके बदलण्याच्या प्रकारात काम जास्त नेमके आहे. दांड्याच्या नळीचा व्यास प्रथम मोजावा लागतो. ३५, ४०, ४५ आणि ५० मिमी. ही मापे आढळतात आणि लहान नळीसाठी मधे बुश (जागा भरणारे कडे) घालतात. नळीवरील भोके उभी आहेत की आडवी, मागचा बोल्ट दांड्यातील धक्काशोषकाच्या डोळ्यातून जातो का, हँडब्रेकचा लिव्हर वर येताना नव्या डोक्याच्या लांब मुठीला अडतो का, हे सगळे नवे डोके विकत घेण्याआधी पाहायचे. जुने बोल्ट परत वापरत नाहीत. नायलॉनच्या नटांची पकड एकदा सोडल्यावर भरवशाची राहत नाही. घर्षणाचे डोके साध्या डोक्यापेक्षा रुंद व लांब असल्याने बॉलची मानही लांब हवी; बॉलच्या केंद्रापासून मागच्या बैठकीपर्यंत साधारण ६० मिमी. मोकळी जागा लागते.

बॉलच्या मापाबाबत थोडा विस्तार आवश्यक आहे. युरोपीय बॉल ५० मिमी. व्यासाचा, तर अमेरिकी प्रमाण दोन इंचांचे म्हणजे ५०.८ मिमी. आहे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण युरोपीय डोके अमेरिकी बॉलवर नीट बसत नाही किंवा घर्षणपट्ट्या एकाच जागी घासू लागतात. व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावून खात्री करणे इष्ट. झिजून ४९ मिमी.वर आलेला बॉल बदलतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घर्षणाच्या डोक्यासाठी बॉल पूर्ण कोरडा हवा. नव्या बॉलवरचा रंग घासून काढावा लागतो, जुन्यावरचे ग्रीस ब्रेक-क्लीनरने पुसावे लागते. आपल्याकडे कोणत्याही जोडणीला ग्रीस लावण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की सर्व्हिसिंगहून परत आलेली कॅरव्हॅन या एका कारणाने स्टॅबिलायझर नसल्यासारखी चालू शकते. पट्ट्यांवर एकदा ग्रीस गेले की त्या बहुधा बदलाव्याच लागतात. केवळ गुळगुळीत होऊन करकरत असतील, तर बारीक पॉलिशपेपरने घासून काम भागते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आडव्या त्वरणाचा अंदाज घेऊन कॅरव्हॅनच्या ब्रेकची सळई खेचते आणि तिला मागून ताणून धरते. तिला १२ व्होल्टचा अखंड पुरवठा आणि मुळात चांगले, सारखे लागणारे ब्रेक हवेत. जुन्या कॅरव्हॅनमध्ये दुसरी अट पूर्ण होतेच असे नाही.

कोणत्याही प्रकारात बसवणीआधी टायरचे वय व हवा, चाकांच्या बेअरिंगमधील ढिलाई, आसाच्या रबरांची अवस्था आणि बॉलची उंची तपासतात. युरोपीय प्रमाणानुसार भरलेल्या स्थितीत बॉलचे केंद्र जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी.वर असते. आपल्या उंच जीपवर्गीय गाड्यांचा हूक त्याहून वर गेला की कॅरव्हॅनचे नाक उचलले जाते आणि हुकावरचा भार घटतो. मग उतरता कंस लावून उंची जुळवावी लागते.

सातारा-सांगली परिसर : महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी भारतात स्वतःचे इंजिन असलेल्या कॅरव्हॅनच अधिक. तरीही ओढत्या कॅरव्हॅनच्या दृष्टीने या दोन जिल्ह्यांचे रस्ते बोलके आहेत. पसरणी, केळघर, कुंभार्ली या घाटांत वेग इतका कमी असतो की झोक्यांचा प्रश्न मागे पडतो आणि उतारावरील ब्रेकचा पुढे येतो. दांडा आत दाबला गेल्यावर लागणारे ओव्हररन ब्रेक लांब उतारावर सतत घासत राहतात व तापतात. खरा झोक्यांचा पट्टा कराड ते पेठ नाका असा सरळ, मोकळा महामार्ग. तेथे वेग आपोआप वाढतो आणि शेजारून आरामबस गेली की तिच्या पुढची हवा कॅरव्हॅनला आधी दूर ढकलते, मग आत ओढते. खंबाटकीत बोगद्यानंतरच्या उतारावरील नागमोडी वळण अपघातांमुळे बदनाम झाले. तेथे उतार, वेग आणि वळण एकत्र येतात. उतारावर मागून रेटणारी कॅरव्हॅन मोटारीचे स्थैर्य आणखी घटवते. झोके सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे, जोरात ब्रेक लावू नये आणि झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसू नये, असे सर्वच मार्गदर्शक सांगतात.

उसाच्या हंगामात या भागात ओढत्या वाहनाचे ठळक रूप म्हणजे ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या. त्यांचे झोके आणि कॅरव्हॅनचे झोके एकच मानण्याची चूक होते. ट्रॅक्टरच्या वेगाला टायरचे अवमंदन भरपूर असते. ट्रॉली डुलते ती पिन व डोळ्यातील ढिलाई, टर्नटेबलची (ट्रॉलीचा पुढचा आस ज्यावर वळतो त्या चकतीची) झीज, उंच रचलेली मोळी आणि दुसऱ्या ट्रॉलीला पहिलीने दिलेला हिसका यांमुळे. पिनच्या जोडणीत वर सांगितलेले बॉलचे डोके बसतही नाही. ट्रॉलीच्या धर्तीवर गावात बांधून घेतलेल्या कॅरव्हॅनला स्टॅबिलायझर लावायचा, तर आधी पिनऐवजी बॉलची जोडणी आणि ब्रेक करून घ्यावे लागतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचा समावेश होतो. त्यामुळे ओढत्या कॅरव्हॅनची नोंदणी स्वतंत्र होते. साताऱ्यात एमएच-११, सांगलीत एमएच-१०, कराडला एमएच-५०. वाहनातील फेरफारांवर कलम ५२ ची बंधने आहेत. सांगाडा कापून किंवा दांडा लांबवून केलेले काम त्यात सापडू शकते. जर्मनीत ट्रेलरसह वेगमर्यादा ताशी ८० किमी. असून स्टॅबिलायझर, टायरचे वय आणि वजनाचे प्रमाण यांच्या अटी पाळणाऱ्यांना १०० किमी.ची परवानगी मिळते.