सोनेरी जाळे विणणारा कोळी : नावामागची पार्श्वभूमी

पावसाळा ओसरू लागला की नागपूरहून पेंचकडे जाणाऱ्या जंगलवाटांवर दोन झाडांमध्ये ताणलेले एखादे जाळे तिरप्या उन्हात चक्क पिवळे चमकते, आणि त्याच्या मध्यापेक्षा बरेच वर, डोके खाली करून, लांब काळे पाय पसरलेली कोळ्याची मादी बसलेली दिसते. पायांच्या सांध्यांवर पिवळ्या खुणा, लांबट पोटावर पिवळ्या रेघा, असे तिचे रूप आहे. इंग्रजीत तिला ‘जायंट वूड स्पायडर’ म्हणतात. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान फाब्रिसियस यांनी १७९३ मध्ये केले. ते सजीवांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचे शिष्य, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनीही हा कोळी ‘अरानिया’ या एकाच मोठ्या प्रजातीत, म्हणजे अनेक जातींच्या गटात, घातला. पुढे १८१५ मध्ये विल्यम लीच यांनी ‘नेफिला’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. ग्रीकमधून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ ‘कातण्याची आवड असलेली’ असा होतो. ‘पिलिपेस’ म्हणजे केसाळ पायांची, तर भारतातील जुन्या नोंदींत याच जातीसाठी सर्रास आढळणारे ‘मॅक्युलाटा’ म्हणजे ठिपकेदार. वाटेवरून पाहणाऱ्याच्या नजरेत यातले काहीच आधी भरत नाही, आधी दिसतो तो धागा. त्यामुळे तिन्ही नावांत लीच यांचेच नाव मला चपखल वाटते.

जाळ्यातही तसे पाहण्यासारखे बरेच आहे. बहुतेक चक्राकार जाळी विणणारे कोळी चिकट धागा घालताना आधीची तात्पुरती वर्तुळे काढून टाकतात. ही मादी ती राहू देते, म्हणून तिचे जाळे अधिक दाट आणि टिकाऊ असते. त्याच जाळ्याच्या कडेला नीट पाहिले तर तांबूस रंगाचा इवलासा नर सापडतो. मादीचे अंग ३० ते ५० मिलिमीटर लांब, नराचे जेमतेम ५ ते ६. अनोळखी माणूस त्याला तिचे पिल्लूच समजेल.

या कोळ्यांचे कुळ मात्र अजून स्थिरावलेले नाही. कोणी त्यांना स्वतंत्र कुळ मानतो, कोणी आरानिडी या मोठ्या कुळातच ठेवतो. २०१९ मध्ये ‘नेफिला’तील अनेक जाती ‘ट्रायकोनेफिला’ या वेगळ्या प्रजातीत हलवल्या गेल्या, पिलिपेस मात्र जुन्याच घरी राहिली.