उंदराच्या पोटातला काजवा

वावरात अनवाणी फिरताना तुरीचं धसकट तळपायात घुसतं, आणि दोन-तीन दिवसांनी दुखायला लागतं ते भलतीकडेच, जांघेत. तिथं बोराएवढी गाठ हाताला लागते. अवधाण आलं, असं घरातली म्हातारी माणसं लगेच सांगतात. जखमेतले जंतू आणि त्यांचे अवशेष पायाकडून जांघेतल्या लसिका गाठींत पोचतात, तिथल्या टी पेशींपैकी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी, ज्यांना ते ओळखता येतात त्या भराभर दुणावू लागतात, म्हणून गाठ फुगते. पण या पेशी पुढं जातात कुठं, किती दिवस टिकतात, हे बोटांनी चाचपून कळत नाही.

प्रयोगशाळेत याचं उत्तर शोधायचं तर पूर्वी दर टप्प्यावर काही उंदीर मारून अवयव तपासावे लागत. तिसऱ्या दिवसाचा उंदीर वेगळा, सातव्याचा वेगळा. एकाच जिवात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय घडलं ते कधी दिसायचंच नाही.

वाट काजव्यानं दाखवली. मृगाच्या तोंडावर मेळघाटात झाडंच्या झाडं लुकलुकतात, तो उजेड ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्यातून निघतो. ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम), ऑक्सिजन आणि एटीपी, म्हणजे पेशीचं रोजचं इंधन, एवढं जमलं की झालं. एटीपीची गरज १९४७ मध्ये विल्यम मॅकएलरॉय यांनी दाखवली. प्रयोगांना काजवे कमी पडत म्हणून ते बाल्टिमोरच्या पोरांना पैसे देऊन काजवे पकडून आणवत! १९८५ मध्ये अमेरिकेतल्या काजव्याचा ल्युसिफरेजचा जनुक वेगळा काढण्यात आला आणि काजवे पकडून आणायची गरज कमी होत गेली.

आता उंदराच्या टी पेशी बाहेर काढून विषाणूच्या मदतीनं त्यांत हा जनुक घालतात आणि त्या परत टोचतात. मग ल्युसिफेरिनचं इंजेक्शन, भूल, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काळ्याकुट्ट पेटीत अतिथंड कॅमेऱ्यापुढं फोटो. चित्रातले लाल-निळे रंग संगणकानं भरलेले असतात. उंदीर काही कंदिलासारखा पेटत नाही.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एटीपीचं बंधन. मेलेल्या पेशीत एटीपी उरत नाही, म्हणून उजेड दिसला की पेशी जिवंत आहे. नुसता रंग लावलेली पेशी मेली तरी रंग मागं राहतो, आणि दर विभाजनाला तो निम्मा होतो. जनुक मात्र दोन्ही लेकी-पेशींना मिळतो, त्यामुळं पेशी वाढल्या की उजेडही वाढतो.

अडचणी आहेतच. रक्तातलं हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे साधारण तांबडा सोडून बाकीचा, प्रकाश बराचसा गिळतं. काजव्याचा हिरवट-पिवळा उजेड शरीराच्या उष्णतेत तांबड्याकडं सरकतो, हे नशीबच. काळ्या उंदराचे केस आधी भादरावे लागतात. आणि शेजारच्या दोन गाठी चित्रात एकच ठिपका होऊन बसू शकतात.

हाच जनुक हिवतापाच्या परजीवीतही घातला गेला आहे. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात शिरतो. उंदरात तिथं तो दोनेक दिवस असतो, माणसात साधारण आठवडाभर, आणि तेवढ्यात तापाचा पत्ता नसतो. लस दिलेल्या उंदराच्या टी पेशी परजीवी शिरलेल्या यकृतपेशींना गाठून मारतात. लस न दिलेल्या उंदराशी ताडलं की यकृतावरचा मंद पडलेला उजेड ते सांगतो, आणि उंदीर मारावा लागत नाही.

गडचिरोलीतल्या भामरागड किंवा धानोऱ्याच्या रुग्णावर मात्र हे चालणार नाही. माणसाचं यकृत कातडीपासून फार खोल, शिवाय कोणाच्या अंगात कोणी काजव्याचा जनुक घालत नाही. तिथं अजून आशाताई बोटाला सुई टोचून किटवर रक्ताचा थेंब घेतात, आणि त्या थेंबात परजीवी सापडतो तो यकृतातून बाहेर पडल्यावरच.