घरी बनवलेल्या सिंथला ट्रान्सफॉर्मर बारा-झिरो-बारा घ्यावा का पंधरा-झिरो-पंधरा?

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट असते पण व्होल्टेज नसतं, फॅन फिरतोय का थांबलाय तेच कळत नाही. सिंथचा (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) पॉवर सप्लाय निवडताना मी तरी आधी हेच बघतो, बाकीचं नंतर.

प्लस आणि मायनस दोन्ही कशाला पाहिजे म्हणाल, तर ढोलकीवर थाप पडली की पान आत जातं, मग बाहेर येतं. आवाजाचं व्होल्टेज पण तसंच शून्याच्या खाली-वर झुलतं, आणि टीएल 072 सारख्या ऑपॅम्पला (सिग्नल मोठा करणारी चिप) शून्याखाली जायचं असेल तर खालून पण सप्लाय लागतो. म्हणून युरोरॅकवाले (सुट्या मॉड्यूलच्या सिंथचा एक प्रकार) +12, 0, −12 वापरतात.

दुकानदार लगेच 12-0-12 चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्हीकडं 12 व्होल्ट एसी देणारा, ट्रान्सफॉर्मर हातात देतो. कागदावर बरोबरच आहे, 12 व्होल्ट एसीचा पीक, म्हणजे लाटेचं टोक, 17 च्या आसपास जातो, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमधे 0.7 गेले तरी 16 उरतात आणि 7812 ला (सरळ +12 देणारा रेग्युलेटर) चांगलं चालायला साधारण 14 च्या वर पाहिजे असतात. पण घरात 230 च्या जागी 180 च येत असले की तोच ट्रान्सफॉर्मर 9.4 देतो, म्हणजे डायोडनंतर जेमतेम 12.6, रेग्युलेटरचा दम संपतो आणि स्पीकरमधून 100 हर्ट्झची घूंऽऽ सुरू, मग माणूस सिंथच्या सर्किटमधे चूक शोधत बसतो. 15-0-15 घेतला तर त्याच 180 ला पण 15.9 मिळतात. हीटसिंक जास्त तापतो, तापू द्या. फक्त डायोडनंतरचा कपॅसिटर 35 व्होल्टचा घ्या, रात्री व्होल्टेज 260 झालं की 25 वाला काठावर येतो.

−12 देणाऱ्या 7912 ची गंमत वेगळीच. दिसायला 7812 चा जुळा भाऊ, पण पायांचा क्रम वेगळा आणि पाठीचा पत्रा 7812 सारखा ग्राउंडला नाही, थेट मायनस इनपुटला जोडलेला. मी दोन्ही एकाच हीटसिंकवर कसले होते, म्हणजे शॉर्टच. फ्यूज होता म्हणून निभावलं.

आता खरं सांगू का, पहिल्यांदाच करत असाल तर 230 डब्यात घेऊच नका. बीआयएसचा नंबर असलेले दोन पिनांचे 12 व्होल्टचे दोन डीसी अडाप्टर घ्या, एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडा, तो जोड म्हणजे तुमचा शून्य. दोन्ही एकाच बोर्डवर लावा म्हणजे सोबत चालू होतील. तीन पिनांचे असले तर प्लगमधून काढून मल्टिमीटरनं बघा, अर्थची पिन आणि डीसीचा मायनस आतून जोडलेले निघाले तर ही जोडणी शॉर्ट होते. थोडी शिट्टी ऐकू येईल, पण शॉकपेक्षा शिट्टी परवडली.

ट्रान्सफॉर्मरच घालायचा हट्ट असेल तर 230 च्या फेजमधे फ्यूज, स्विच आणि लोखंडी डब्याला अर्थ, याला पर्याय नाही. पहिल्यांदा चालू करताना वायरमन लोकांचा सिरीज बोर्ड वापरा, 60 वॅटचा पिवळा बल्ब मधे टाकून. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, तो बल्बानं झेलला.

आणि अर्थिंग. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मीठ-कोळशाचा खड्डा पण कोरडा ठणठणीत होतो, मग तिसरी पिन नुसती नावाला. प्यायला टँकर लागतो तिथं खड्ड्यात पाणी ओता म्हणायला जीभ रेटत नाही, पण भांडी धुतलेलं एक घमेलं तिकडं वळवता येतं.