पंख्यासाठी छताला छिद्र पाडणे

छताला टांगायचा पंखा किंवा छतात बसणारा एक्झॉस्ट पंखा लावताना छतामध्ये ठरावीक मापाचे आणि कडा न तुटलेले छिद्र पाडण्याची प्रक्रिया. छत जिप्सम बोर्डाचे आहे, पीओपीचे आहे, लाकडी पट्ट्यांवर चढविलेल्या गिलाव्याचे आहे की काँक्रीटचे, यावर हत्यार आणि पद्धत ठरते. मात्र कडा स्वच्छ येणार की नाही, हे बऱ्याच अंशी पाते फिरण्यापूर्वीच्या मोजणीवर अवलंबून असते.

टांगत्या पंख्याच्या बाबतीत छिद्र ही केवळ वाट असते, आधार नव्हे. पंख्याचे वजन आणि फिरताना होणारी थरथर स्लॅबमधील हुकाने, तुळईने किंवा दोन तुळयांमध्ये घट्ट बसविलेल्या, पंख्यासाठीच बनविलेल्या आधारपट्टीने पेलायची असते. जिप्सम बोर्डावर हा भार कधीही टाकू नये. फॉल्स सीलिंगमधून दांडा खाली येत असेल, तर तो कडेला न टेकता हलू शकेल इतकी मोकळीक हवी, कारण टेकलेला दांडा प्रत्येक हेलकाव्यागणिक कड घासतो आणि तेथून तडा सुरू होतो. उलटपक्षी, छिद्र दांड्यावरील कॅनॉपीपेक्षा, म्हणजे वाटीसारख्या झाकणापेक्षा, मोठे झाले की ते झाकले जात नाही. हुक फॉल्स सीलिंगच्या वर दडणार असेल, तर सीलिंग बंद करण्यापूर्वीच ओळंबा सोडून त्याचा मध्य जमिनीवर खुणावा आणि नंतर तीच खूण ओळंब्याने किंवा लेझरने वर न्यावी. या कामातील सर्वांत उपयुक्त सवय हीच म्हणता येईल.

कापण्याआधी मुख्य पुरवठा बंद करून तारांमध्ये वीज नसल्याची खात्री करावी. त्यानंतर मध्यबिंदूवर एक बारीक भोक पाडून त्यातून काटकोनात वाकविलेली तार आत घालून गोल फिरवितात. वाकविलेला भाग छिद्राच्या त्रिज्येपेक्षा थोडा लांब ठेवला, तर आतील तुळई, पाइप किंवा तारेची नळी कोठे अडते ते कळते, आणि जागा बदलावी लागलीच तर बुजवायला केवळ ते बारीक भोक उरते. जुन्या इमारतींतील छताच्या पत्र्यांत व खरबरीत लेपांत ॲस्बेस्टॉस असू शकते. तशी शंका असल्यास नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत छताला हत्यार लावू नये.

जिप्सम बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये जिप्समचा थर असतो. कड खराब दिसते ती मुख्यतः कागद ओरबाडला गेल्यामुळे. म्हणून कंपासने वर्तुळ आखल्यावर धारदार कटरने प्रथम कागदच रेषेवर कापून घ्यावा. होल सॉ, म्हणजे ड्रिल मशीनला लावायची गोल करवत, वापरताना मशीन छताला काटकोनात धरून, कमी वेगाने आणि हलक्या दाबाने चालवावे. अरुंद पात्याच्या हातकरवतीने किंचित आतून कापून पॉलिश कागदाने रेषेपर्यंत आणलेली कडही तितकीच चांगली येते, फक्त वेळ जास्त लागतो. आधीचे छिद्र मोठे करायचे असल्यास होल सॉच्या मधल्या ड्रिलला धरायला जागा राहत नाही. अशा वेळी हव्या त्या व्यासाचे भोक पाडलेला प्लायवुडचा तुकडा छतावर घट्ट धरून त्याच्या आधाराने कापतात.

लाकडी पट्ट्यांवरील गिलाव्याला अधिक जपावे लागते. मागे-पुढे धावणारी करवत पट्ट्या हलविते, पट्ट्यांच्या फटींत अडकून बसलेला गिलावा सुटतो आणि तडे दूरवर जातात. त्यामुळे आधी गिलावा कापून मग पट्ट्या वेगळ्या कापतात. सूक्ष्म कंपनांनी कापणारे मल्टिटूल येथे उपयोगी पडते. काँक्रीटमध्ये मोठे छिद्र हिऱ्याचे कण बसविलेल्या पोकळ नळीसारख्या कोअर ड्रिलने पाडतात, पण आतील सळई कापली जाण्याचा धोका असल्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतल्याविना ते करू नये. काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुफ्फुसांना अपायकारक असल्यामुळे योग्य श्वसन-मास्क, गॉगल आणि धूळ ओढणारे यंत्र आवश्यक असते.

एक्झॉस्ट पंख्याच्या छिद्राचे माप हवा बाहेर नेणाऱ्या नळीच्या व्यासावरून न घेता पंख्याच्या प्रत्यक्ष पेटीवरून घ्यावे, कारण १०० किंवा १५० मिलिमीटरच्या नळीला जोडणारी पेटी त्याहून बरीच मोठी असू शकते. पेटी बसल्यावर भोवतीची फट सीलंटने बंद करावी लागते. अन्यथा दमट हवा छताच्या वरच्या पोकळीत जाऊन तेथे बुरशी धरते.