सरवा वेचणाऱ्या तिघी

पीक काढून नेल्यावर रानात पडून राहिलेली कणसं वेचायची, याला आपल्याकडे सरवा वेचणं म्हणतात. फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रांस्वा मिलेच्या ‘ले ग्लानेझ’ (सरवा वेचणाऱ्या) या चित्राचं नाव मराठीत आणायला म्हणूनच नवा शब्द घडवावा लागत नाही. १८५७ चं हे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. आकार साधारण ८४ बाय १११ सेंटीमीटर. त्यात तीन बायका गव्हाच्या ओंब्या वेचताहेत, एवढंच घडतं. तरीही त्या वर्षी पॅरिसमधल्या अनेक सुखवस्तू लोकांना ते झोंबलं.

फ्रान्समध्ये सरवा वेचणं हा गरिबांचा जुना हक्क होता. १५५४ च्या राजाज्ञेतही त्याला मान्यता होती. पण त्याला अटी होत्या. मालकाचं पीक शेतातून पुरतं उचललं गेल्यावरच आत पाऊल टाकायचं, सूर्य उगवल्यावर यायचं आणि मावळायच्या आत निघायचं. चित्रात उजवीकडे, दूरवर, घोड्यावर बसलेला एक माणूस दिसतो. तो मुकादम. त्याच्या आसपास गव्हाच्या गंजी रचल्यात, गाडी शिगोशीग भरली जातेय, मजुरांची लगबग आहे. सगळी सुगी तिकडे, उन्हात. आणि पुढे या तिघी, कापलेल्या धाटांमध्ये.

त्यांच्याकडे नीट बघा. डावीकडची एक हात पाठीवर मुरडून त्यात वेचलेल्या ओंब्या धरते आणि दुसऱ्या हाताने पुढची ओंबी उचलते. मधली तशीच वाकलेली, तिची बोटं जमिनीला टेकलेली. तिसरी अर्धवट उठलीय, पण पाठ अजून सरळ झालेली नाही. वाकलेल्या दोघींच्या पाठी क्षितिजाच्या रेषेवर येत नाहीत. तासन्‌तास वाकून ज्याने काम केलंय त्यालाच कंबरेतला हा ताण असा रंगवता येतो, असं मला ठामपणे वाटतं.

मिलेने ते केलं होतं. त्याचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ चा, नॉर्मंडीतल्या समुद्रकाठच्या ग्रुशी या वस्तीतला. घर शेतकऱ्याचं, त्यामुळे नांगरणी, पेरणी, कापणी हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. शेरबुर्गला चित्रकला शिकल्यावर १८३७ मध्ये तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला आणि पॉल देलारोशच्या हाताखाली शिकला, पण तिथे त्याचं मन रमलं नाही. पहिली बायको १८४४ मध्ये क्षयाने गेली. पुढची काही वर्षं व्यक्तिचित्रं आणि मागणीनुसार चित्रं काढून त्याने पोट भरलं.

१८४८ मध्ये क्रांती झाली, पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये पटकी पसरली. आपली जोडीदार कॅथरीन लमेर आणि मुलांना घेऊन तो फोंतेनब्लोच्या जंगलालगत बार्बिझोंला आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. तिथून जवळच शायीचं मैदान. हे चित्र त्याच मैदानातलं.

क्रांतीची आठवण ताजी होती, म्हणूनच चित्र झोंबलं. एका समीक्षकाला या बायकांच्या मागे दंगलखोरांचे भाले आणि पहिल्या फ्रेंच राज्यक्रांतीतले, १७९३ चे वधस्तंभ दिसले. दुसऱ्याने त्यांना दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता म्हटलं. मिलेचं म्हणणं साधं होतं: मला कलेत माणूसच सगळ्यांत जास्त भिडतो. त्याला पक्षाचं राजकारण करायचं नव्हतं. पण भाकरीसाठी वाकलेल्या बाईला त्याने देवादिकांच्या चित्रात शोभेल असा भारदस्तपणा दिला. माझ्या मते लोकांना खरं बोचलं ते हेच. चित्र ३,००० फ्रँकला गेलं.

‘लांजेल्युस’ हे त्याचं दुसरं गाजलेलं चित्र. संध्याकाळची घंटा ऐकून बटाट्याच्या शेतात मान खाली घालून उभं असलेलं जोडपं त्यात आहे. १८६० मध्ये ते सुमारे हजार फ्रँकला विकलं गेलं. मिले २० जानेवारी १८७५ ला वारला. १८८९ च्या लिलावात त्याच चित्राला ५,५३,००० फ्रँक आले. त्यातलं त्याच्या घरच्यांना काहीच मिळालं नाही आणि ही गोष्ट फ्रान्समध्ये पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेली. चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा तिथे १९२० मध्ये झाला, त्यामागच्या चर्चेत याच चित्राचा दाखला दिला जात असे.